एटापल्लीच्या जंगलातलं बिनमालकाचं घर

घर कसं बांधतात हे पाहायला पुण्याहून चांदा जिल्ह्यात जायची काय गरज, असं निघण्यापूर्वी मला बऱ्याच जणांनी विचारलं. आमच्या शेजारच्या काकूंनी तर, "समोरच्या चाळीवर मजला चढतोय, गॅलरीत खुर्ची टाकून बस आणि लिहून काढ," असा फुकटचा उपायही सुचवला. काकूंचं म्हणणं अगदीच चूक होतं असं आता वाटत नाही. पण तेव्हा माझ्या डोक्यात पीएच.डी. शिरली होती, आणि ती एकदा शिरली की माणूस काकूंचं ऐकत नाही.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. माझ्या संशोधनाचा विषय विटा, चुना किंवा तुळया हा नव्हता. घर उभं राहत असताना माणसं काय करतात, हा होता. कोण कुणाला बोलावतो, कोणतं काम आधी होतं, कोण कुणासाठी खोळंबतो, आणि वेळ नेमका कुठं जातो. शहरात मुकादम असतो, कंत्राटदार असतो. खेड्यात यांतलं कुणी नसताना घरं उभी राहतातच, तर ती कशी? आमचे मार्गदर्शक विलायतेहून शिकून आले होते आणि पुस्तकातून उतरवलेल्या प्रबंधांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की एक घर, मोकळ्या जमिनीपासून छपरापर्यंत, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून या. तिऱ्हाइतासारखं पाहा, मध्ये लुडबूड करू नका. तसं घर मिळालं तर प्रबंध पुरा झाला म्हणून समजा. नाही मिळालं तर विषय बदला. चार वर्षं घातल्यावर विषय बदला म्हणजे काय, हे ज्यांनी भोगलंय त्यांनाच कळेल.

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच आमच्या मुंबई राज्यात आला होता. माझा असा भाबडा समज होता की राज्यात नव्यानं आलेले लोक पाहुण्याला नाही म्हणणार नाहीत. तेवढा मात्र खरा ठरला, आणि त्यातच सगळा घोटाळा झाला.

नागभीड

चांद्याहून नागभीडला छोटी गाडी जाते. ती इतक्या सावकाश जाते की वाटेत उतरून बोरं तोडून पुन्हा चढता येतं, असं एका सहप्रवाशानं सांगितलं. मी प्रयोग केला नाही. नागभीडच्या आसपास सगळी धानाची शेती. मी पोचलो तेव्हा धान केव्हाच घरात आलं होतं आणि बांध्यांत नुसती धसकटं उरली होती. ज्या शेतकऱ्याचं घर बांधायला निघालंय अशी मला खबर होती, त्यांच्या दारात टांग्यातून उतरलो तर समोर घर तयार. कौलं चढलेली, भिंती सारवलेल्या, दारात रांगोळी.

मी मटकन ट्रंकेवर बसलो. त्या गृहस्थांना आधी वाटलं मला ऊन लागलं. पाणी दिलं, गूळ दिला. मग मी माझी अडचण सांगितली. नवं घर बांधताना पाहायचं होतं आणि ते तर होऊन बसलं. हे ऐकून ते मनापासून ओशाळले. पाहुणा पुण्याहून आला आणि आपण घाई केली, असा त्यांचा चेहरा झाला. जेवताना मात्र त्यांना एकदम तोड सुचली.

"एक भिंत पाडून पुन्हा बांधून दाखवू का जी?"

ते थट्टा करत नव्हते. त्यांच्या पत्नीनं आतून भांडं आपटलं, त्यावरून त्याही थट्टा समजत नव्हत्या हे कळलं. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं निघालो. राहिलो असतो तर त्यांनी खरंच पाडली असती.

गडचांदूर

इथली तऱ्हा निराळी. काळी जमीन, कपाशी, आणि जरा खणलं की चुनखडीचा दगड. घरांच्या भिंती त्या दगडाच्या. इथं मला अगदी वेळेवरचं घर सापडलं. पाया खणायला काढला होता. मी ट्रंक उघडली, टेप काढला, ओळंबा काढला, स्टॉपवॉच गळ्यात अडकवलं आणि एका लिंबाखाली ठाण मांडलं. भिंती कमरेच्या वर आल्या. मी पुण्याला आनंदाचं पत्रही टाकलं.

त्याच संध्याकाळी घरमालकाचा भाऊ आला. तो शेजारीच राहत होता. त्याचं म्हणणं, ही भिंत अशीच चढली तर पावसाळ्यात छपराच्या पागोळ्या त्याच्या अंगणात पडतील. मालकाचं म्हणणं, पागोळ्या आजवर कुणाच्या अंगणात पडल्या ते बापाला विचार. बाप वारला होता. काम थांबलं. मग दोघांच्याही लक्षात आलं की गावात एक टेपवाला माणूस बसलाय. मालक मला सकाळी मोजायला नेई आणि दही खायला घाली, भाऊ दुपारी नेई आणि वांग्याचं भरीत घाली. दोघांचं माप अर्थातच वेगळं यायचं, कारण दोघंही टेपचं टोक स्वतःच धरायचे. भरीत उत्तम होतं. भिंत कमरेवरच राहिली. पुढं प्रकरण कचेरीत जाणार आणि साक्षीदार म्हणून माझं नाव लागणार असं कानावर आलं, तेव्हा मी पुन्हा ट्रंक उचलली.

एटापल्लीकडे

अर्ध्याहून अधिक रजा संपली होती आणि मी अजून एकही छप्पर पाहिलं नव्हतं. चांद्याच्या धर्मशाळेत एकानं सांगितलं की घरं बघायचीत तर आलापल्लीच्या पुढं जंगलात जा, तिकडं गाव मिळून घर बांधतं. वैनगंगा नावेतून ओलांडली, आलापल्लीपर्यंत बस मिळाली, आणि तिथून सागवान न्यायला रिकाम्या निघालेल्या ट्रकवर बसून मी एटापल्लीला पोचलो. उतरलो तेव्हा मी डोक्यापासून पायापर्यंत एकाच रंगाचा झालो होतो, तांबड्या धुळीच्या.

एटापल्लीत रहमानभाऊ भेटले. किराण्याचं दुकान, मीठ आणि तंबाखूचा व्यापार, आणि आजूबाजूच्या सगळ्या माडिया गावांशी ओळख. गोंडी ते माझ्या मराठीइतकी भराभर बोलत. मी त्यांना विषय समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे लोक काम करतील आन तुमी पाहून राह्यले, याची सरकार तुमाले डिग्री देते?" साधारण तसंच आहे, असं मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकानावर मेहुण्याला बसवलं आणि मला घेऊन निघाले.

ज्या गावी गेलो त्याचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर विद्यापीठातलं कुणीतरी खातरजमा करायला जाईल आणि त्या लोकांना उगाच पाहुणचार पडेल. गावचा गायता, म्हणजे पुढारी आणि पुजारी दोन्ही, लालसू नावाचा सावकाश बोलणारा माणूस होता. त्याच्या ओसरीवर आम्ही बसलो. बसण्याआधी मी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलं. तिथली सगळी दारं बुटकी आहेत आणि मी उंच आहे. पुढचे सगळे दिवस गावाला माझ्या येण्याची वर्दी त्या आवाजानंच मिळत होती.

लालसूनं रहमानभाऊंमार्फत माझी विचारपूस केली. कुठला, लग्न झालंय का, घर कसलं आहे. लग्नाचं नाही म्हटलं. घराचं सांगायला वेळ लागला. पुण्यात मी भाड्यानं राहतो, म्हणजे घर दुसऱ्याचं, राहतो मी, भिंतीत खिळा मारायचा तरी मालकाला विचारावं लागतं, असं मी खुलासेवार सांगितलं. रहमानभाऊंना ते समजावताना घाम फुटला. लालसूची बायको जानो दारात उभी होती, तिनं जिभेनं चुकचुक केलं. शहरी जीवनाची गुंतागुंत यांना थक्क करते आहे, असं मी मनात नोंदवलं. मग मुद्द्यावर आलो. मला इथं नवं घर उभं राहिलेलं पाहायचं आहे, अगदी मोकळ्या जागेपासून. यंदा गावात बांधकाम निघणार आहे का?

त्यांचं आपसात बराच वेळ बोलणं झालं. शेवटी रहमानभाऊ म्हणाले, "झालं तुमचं काम. उद्यापासून जागा पाह्यतो म्हणते."

मला इतका आनंद झाला की मी घर कुणाचं म्हणून विचारलं आणि "गाव बांधते जी" या उत्तरावर खूश झालो. रहमानभाऊ दुकानासाठी परतले. छप्पर चढेल तेव्हा येतो म्हणाले. लालसूला बाजारापुरती मराठी येत होती आणि मला हातवारे. तेवढ्यावर आम्ही पुढं बरेच दिवस काढले.

गावात

जागा ठरवायची पद्धत अशी. लालसूनं एके ठिकाणी तांदळाचे दाणे मांडले, वर पान झाकलं आणि सगळे निघून गेले. सकाळी पान उचललं. दाणे हललेले निघाले तर ती जागा घर घेत नाही. पहिल्या जागेचे हलले होते. मला मुंग्यांचा संशय होता, पण तिऱ्हाइताला संशय घ्यायचा अधिकार नाही म्हणून मी गप्प बसलो. पुढची जागा कुठली पाहायची, हे लालसूनं मला विचारलं. मी फुगलो. तज्ज्ञ म्हणून आपला सल्ला घेताहेत असं वाटलं. नदीकडची, मोहाच्या झाडाजवळची, गुरांच्या गोठ्यापासून लांबची जागा मी दाखवली. तिथले दाणे जागच्या जागी राहिले. सगळ्यांना बरं वाटलं. मार्गदर्शकांनी लुडबुडीबद्दल बजावलं होतं, पण एवढं चालतं, असं मी स्वतःला समजावलं.

काम सुरू झालं आणि माझी निरीक्षणाची पत्रकं एकेक करून कोलमडायला लागली. माझ्याकडे मुकादमाचा रकाना होता. मुकादम काही सापडेना. शेवटी सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा एक मिशाळ माणूस मी मुकादम म्हणून धरला आणि दुपारपर्यंत त्याच्या मागं हिंडून त्याच्या सूचना टिपल्या. नंतर कळलं की तो पलीकडच्या गावचा, हरवलेला बैल शोधत आला होता.

स्टॉपवॉचची वेगळीच कथा. मी कळ दाबली की टिक असा आवाज होई, आणि तो ऐकला की सगळे हातातलं काम खाली ठेवून तंबाखू काढायचे. पाहुणा विसाव्याची खूण करतो आहे, असा त्यांचा समज झाला होता. मी काम मोजायला कळ दाबायचो आणि काम तिथंच थांबायचं. जगात कामाचा वेळ मोजायची ही पद्धत बहुधा फक्त त्या गावात राबवली गेली असेल.

त्यातच मोहफुलांचे दिवस. पहाटे उजाडलं की सगळं गाव टोपल्या घेऊन झाडांखाली. घर, दार, खांब, सगळं मागं. मी घड्याळ गळ्यात अडकवून रिकाम्या जागेवर एकटा उभा राहायचो. दुसऱ्या दिवशी जानोनं माझ्या हातात टोपली दिली. मोहफुलं वेचायला वाकावं लागतं आणि वाकल्यावर घड्याळ नाकावर आपटतं. मी घड्याळ ट्रंकेत ठेवलं. खाण्यापिण्याला ददात नव्हती. सकाळी आंबील, दुपारी भात आणि लाल मुंग्यांची चटणी. ती चिंचेसारखी आंबट लागते. पहिला घास मी संशोधक म्हणून घेतला, पुढचे सगळे आवडली म्हणून. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारतात आणि उत्तर ऐकून घेतात. इथं कुणी विचारतच नसे. पानाचा द्रोण समोर येई आणि रिकामा झाला की पुन्हा भरे.

घर वाढत होतं. खांब पुरायच्या दिवशी मी न राहवून ओळंबा लावला. खांब तिरपे होते. गावातल्या सगळ्याच घरांचे तिरपे आहेत आणि ती घरं मजेत उभी आहेत. लालसूनं माझ्याकडे पाहिलं, ओळंब्याकडे पाहिलं, आणि चार माणसांना बोलावून खांब माझ्या मनासारखे सरळ करून घेतले. त्यात एकाच्या बोटाचं नखही गेलं. पुढं दोन दिवस शेजारच्या वस्तीतली माणसं ते सरळ खांब बघायला येत आणि हसून जात. बांबूच्या कुडांवर बायकांनी माती लिंपली तेव्हा जानोनं मला दारात उभं केलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चौकटीची उंची तेवढी धरायला सांगितली. मी टिपून ठेवलं: या घराचं दार इतरांपेक्षा उंच, कारण अज्ञात.

वाचक हुशार आहेत. त्यांना कारण केव्हाच कळलं असेल. मी पीएच.डी. करत होतो, मला कळलं नाही.

एकच गोष्ट मला खटकत होती. या सगळ्या काळात घराचा मालक एकदाही कामावर फिरकला नव्हता. गाव राबतंय आणि तो कुठं आहे? मी यावर एक लांबलचक टिपण लिहिलं. मालकाच्या गैरहजेरीत इतकं नीट काम होतं हा माझ्या प्रबंधाचा सर्वांत मोठा शोध ठरणार, असं मला वाटू लागलं होतं.

छप्पर गवतानं शाकारून झालं त्या दिवशी रहमानभाऊ आले. लालसूनं अंगणात पूजा मांडली, कोंबडा कापला, सगळं गाव जमलं. आता मालकानं आत शिरून पहिली चूल पेटवायची, असं रहमानभाऊंनी सांगितलं. मी पत्रक उघडून बाजूला उभा राहिलो. सगळे उभे. कुणी हलेना. मी मान उंच करून वाटेकडं पाहिलं.

"गुरुजी," रहमानभाऊ हळूच म्हणाले, "मालक कुठी पाहून राह्यले? तुमीच तं हाये."

मागं कुणी उभं आहे का, हे मी वळून पाहिलं. ते पुढं म्हणाले, "पह्यल्या दिवशी तुमीच नाई सांगतलं का, मले घर नाई, दुसऱ्याच्या घरी राहतो, आन मले इथी नवं घर पाह्यजे? याच्याहून माणसानं अजून कसं मांगावं?"

आधी मला प्रबंध आठवला, खोटं कशाला सांगू. तिऱ्हाइतासारखं पाहा म्हणून बजावलं होतं, आणि मी जागा निवडली होती, खांब सरळ करवले होते, दार माझ्या डोक्याला मोजून केलं होतं. मग समोरची माणसं दिसली. मोहफुलांच्या ऐन दिवसांत त्यांनी माझ्यासाठी माती तुडवली होती. मी रहमानभाऊंना म्हणालो, सांगा त्यांना, माझी रजा संपली आहे, मला परवा निघायचं आहे, मी इथं राहू शकत नाही.

ते सांगून झालं. लालसूनं उत्तर आपल्या बाजारी मराठीतच दिलं. "जा ना. घर थोडीच जाऊन राह्यलं."

मग मी संशोधनाचं सांगितलं. मला दुसऱ्याचं घर पाहायचं होतं, माझं स्वतःचं चालत नाही. ही अडचण त्याला पटली. त्यानं विचार करून तोड काढली. पुढल्या वर्षी पुतण्याचं घर उठणार आहे, तेव्हा यावं. पण एक गोष्ट त्यानं रहमानभाऊंकडून नीट बजावून घेतली. आता माझं या गावात घर आहे, आणि घरवाला माणूस दुसऱ्याचं घर उठताना बसून पाहत नाही, खांब उचलतो. म्हणजे त्या गावात माझं संशोधन कायमचं संपलं होतं.

मी आत गेलो. कपाळ आपटलं नाही. चूल पेटवायला चार काड्या वाया घालवल्या, शेवटी जानोनं फुंकून पेटवली. मालकानं गावाला जेवू घालायचं असतं. मला एकच पदार्थ येतो. रहमानभाऊंनी दुकानातून बेसन मागवलं आणि मी सगळ्या गावासाठी पिठलं केलं. त्यात गुठळ्या झाल्या. सगळ्यांनी ते खाल्लं, काहींनी डोळे मिटून खाल्लं, आणि मोहाच्या दारूनं तोंड धुतलं. धूर फार झाला होता, म्हणून माझे डोळे का गळताहेत हे कुणी विचारलं नाही. धूर नसता तरी ते गळले असते. दोन दिवस मी त्या घरात राहिलो. भिंतीत एक खुंटी ठोकली. कुणालाही न विचारता.

पुणे

मार्गदर्शकांनी सगळी टिपणं शेवटपर्यंत वाचली. दोनदा चष्मा काढून पुसला. काम अव्वल आहे, म्हणाले, असं निरीक्षण आपल्याकडे कुणी केलेलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण संशोधकच मालक निघाल्यावर परीक्षक हे मान्य करणार नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. मग खुर्ची पुढं ओढून, आवाज उतरवून, त्यांनी माझ्यावरच्या मायेपोटी एक मार्ग दाखवला. मालकाच्या जागी त्या गायत्याचं नाव लिहून टाका. जंगलात कोण विचारायला जातंय? बाकी एक अक्षर बदलायला नको. दिवाळीपर्यंत तुम्ही डॉक्टर.

त्यांनी स्वतःचं पेन उघडून माझ्या हातात दिलं. मी कागदावर वाकलो. चार वर्षं नावाआधीच्या त्या 'डॉ.'साठी मी लग्नाची स्थळं परतवली होती. पेन टेकलंही होतं.

"नाही सर," मी म्हणालो. "घर माझं आहे."

त्यांनी पेन परत घेतलं आणि टोपण लावलं. मग नव्या विषयासाठी कोरा कागद पुढं ओढत त्यांनी विचारलं, "तुम्ही सरळ करवलेले ते खांब पावसाळ्यात टिकतील का?"